कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा एसएमपीएस घ्यावा का?

इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो. तुम्ही सांगोल्याजवळ राहता, लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग करता आणि पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर जोडणार आहात. आय-फाइव्ह 12400एफ प्रोसेसर, मायक्रो-एटीएक्स बोर्ड, 32 जीबी रॅम, आरटीएक्स 3060 कार्ड आणि 1 टीबीची एनव्हीएमई एसएसडी ठरली आहे. आता 18 हजार उरलेत आणि त्यात कॅबिनेट, एसएमपीएस (भिंतीतली वीज कॉम्प्युटरला हवी तशी करून देणारा डबा) आणि हार्ड डिस्क बसवायची आहे. दुकानदार म्हणतो, समोर काच आणि चार रंगीत पंखे असलेलं कॅबिनेट घ्या, त्यात 500 वॅटचा एसएमपीएस फुकट येतो. उरलेल्या पैशांत एकच मोठी 6 टीबीची डिस्क घ्या.

नका घेऊ. ते कॅबिनेट नको, तो एसएमपीएस तर अजिबात नको, आणि डिस्क एकच मोठी घेण्याऐवजी दोन लहान घ्या. का ते सविस्तर सांगतो. मी सोलापुरात वीस वर्षांहून जास्त काळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतोय, त्यामुळे नवीन मशीन कसं चालतं यापेक्षा तीन-चार वर्षांनी ते कशानं बंद पडतं, हे मी जास्त पाहिलंय.

खरी अडचण पैशांची वाटते, पण ती क्रमाची आहे. आपण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ठरवण्यात महिना घालवतो, आणि उरल्यासुरल्या पैशांत या तीन वस्तू बसवतो. नेमकं उलटं करायला हवं. प्रोसेसर सहसा मरत नाही. रॅम गेली तर दुसरी मिळते. एसएमपीएस खराब निघाला तर तो एकटा जात नाही, सोबत दोन-चार वस्तू घेऊन जातो. आणि हार्ड डिस्क गेली तर कुणाच्या तरी मुलीचं लग्न जातं. ते पुन्हा शूट करता येत नाही.

काही गोष्टी तुमच्या गावच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत हे आधीच मान्य करतो. तुमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज किती खाली येतं, लोडशेडिंग किती वेळ असतं, खोली पत्र्याची आहे की स्लॅबची, हे मला माहीत नाही. वस्तूंचे भावही दर आठवड्याला हलतात. म्हणून मी ठरावीक मॉडेलचं नाव देण्याऐवजी दुकानात उभं राहून काय बघायचं ते सांगतो.

सगळ्यात आधी अर्थिंग

तुम्ही हे विचारलेलं नाही, तरी इथूनच सुरुवात करावी लागेल. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या घरांत तीन पिनचं सॉकेट असतं, पण त्यातल्या मोठ्या भोकामागे वायरच नसते. किंवा वायर असते आणि ती भिंतीत कुठंतरी संपते.

एसएमपीएसच्या आत, वीज आत येते तिथं, दोन छोटे कपॅसिटर असतात. एक फेजपासून बॉडीला जोडलेला, दुसरा न्यूट्रलपासून बॉडीला. विजेतला कचरा अर्थिंगमधून जमिनीत सोडणं हे त्यांचं काम. अर्थिंगच नसेल तर कॅबिनेटची बॉडी या दोघांच्या मधोमध लटकते आणि तिच्यावर निम्मा दाब येतो, म्हणजे 230 चे साधारण 115 व्होल्ट. करंट अगदी थोडा असतो, त्यामुळे माणसाला फक्त झिणझिण्या येतात. गिऱ्हाईक येऊन म्हणतं, "कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, एसएमपीएस बदलून द्या." मी त्यांच्या घरी जाऊन कॅबिनेटच्या स्क्रूला टेस्टर लावतो, तो मिणमिण पेटतो. एसएमपीएस कितीही बदलला तरी तो पेटणारच.

तुमच्या बाबतीत याला आणखी महत्त्व आहे, कारण तुम्ही कॅमेरा, टीव्ही, साउंड कार्ड अशा वस्तू जोडता आणि काढता. बॉडीवर असा दाब असताना एचडीएमआयची केबल खोचली की पहिला स्पर्श होतो त्या क्षणी तो करंट पोर्टातून जातो. पोर्ट जळण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे.

म्हणून गावातल्या वायरमनला बोलवा आणि मल्टिमीटरनं तीन मापं घ्यायला सांगा. फेज आणि न्यूट्रल यांच्यात जेवढं व्होल्टेज, जवळजवळ तेवढंच फेज आणि अर्थ यांच्यात हवं. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टच्या आत असावं. यात गडबड असेल तर आधी तिथं खर्च करा. सवय नसेल तर ही मापं स्वतः घेऊ नका. एक्स्टेंशन बोर्ड वापरणार असाल तर त्याचीही अर्थ वायर आतून जोडलेली आहे का ते बघून घ्या. स्वस्तातल्या बोर्डात तिसरं भोक नुसतं दिसायला असतं.

एसएमपीएस: खोक्यावरचा आकडा सोडा, लेबल वाचा

परवाच एक फुकटातला एसएमपीएस माझ्या टेबलावर आला होता. स्टिकरवर मोठ्या अक्षरात 500 वॅट. उचलला तर मिठाईच्या रिकाम्या खोक्यासारखा हलका. बाजूला बारीक अक्षरात तक्ता होता, त्यात 12 व्होल्टच्या रकान्यात 14 अँपिअर लिहिलं होतं. गुणाकार करा: 12 गुणिले 14, म्हणजे 168 वॅट. आजच्या कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही 12 व्होल्टवरच जगतात. म्हणजे कामाचा भाग 168 वॅट, बाकीचा आकडा खोक्यासाठी. उघडला तर सर्किट बोर्डावर वीज गाळणाऱ्या कॉइलची जागा छापलेली होती आणि तिथं कॉइलऐवजी साधी तार डकवलेली होती.

(तुम्ही मात्र एसएमपीएस उघडू नका. चांगल्या एसएमपीएसच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये 400 व्होल्टच्या आसपास डीसी साठतं आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकून राहू शकतं.)

आता तुमच्या मशीनचा हिशेब. 12400एफ वर 65 वॅट लिहिलेलं असतं, पण पूर्ण जोर लागला की इंटेलनेच दिलेली मर्यादा 117 वॅट आहे. आरटीएक्स 3060 ला 170 वॅट. बोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे मिळून 40-50 धरा. 3.5 इंची हार्ड डिस्क चालताना पाच-आठ वॅट घेते, पण सुरू होताना थाळी फिरवायला 12 व्होल्टवर दोन अँपिअरच्या आसपास ओढते, म्हणजे काही सेकंद एकेक डिस्क 20-25 वॅट खाते. सगळं मिळून 350 वॅट. त्यात ग्राफिक्स कार्ड डोळ्याचं पातं लवायच्या आत लिहिलेल्यापेक्षा बरंच जास्त ओढून जातं, त्याला जागा हवी. एनव्हिडियानेही 3060 साठी 550 वॅट सुचवलेत. तेवढेच घ्या. 750 चा मोह नको, 450 ची काटकसर नको.

चांगल्या 550 वॅटच्या लेबलवर 12 व्होल्टच्या रकान्यात 42 ते 45 अँपिअर दिसतात. 12 गुणिले 45 म्हणजे 540. आकडा आणि वस्तू जुळली. दुकानात मोबाइलवर हा एक गुणाकार केलात तरी निम्मे एसएमपीएस आपोआप बाद होतील.

80 प्लसचा शिक्का म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती कामाला लागते आणि किती उष्णता होऊन जाते, याचं माप. निम्म्या लोडवर ब्रॉन्झ साधारण 85 टक्के, गोल्ड 90 टक्के. दिवसात आठ तास एडिटिंग असेल तर गोल्डमुळे बिलात थोडा फरक पडेल, पण तुमच्या बजेटमध्ये मी ब्रॉन्झवर थांबेन. हा शिक्का कार्यक्षमतेचा आहे, सुरक्षेचा नाही, हे मात्र लक्षात असू द्या. जास्त व्होल्टेज, जास्त करंट आणि शॉर्ट सर्किट यांपासूनचं संरक्षण लेबलवर किंवा कंपनीच्या माहितीत वेगळं लिहिलेलं असतं. ते शोधा. वॉरंटी पाच वर्षांची असेल तर चांगली खूण आहे.

पुढची गोष्ट शहरातले लोक सहसा सांगत नाहीत, कारण त्यांना गरज पडत नाही. लेबलवर इनपुटचा आकडा बघा. काहींवर 100-240 व्होल्ट असतं, काहींवर फक्त 200-240. दोन्ही ब्रॉन्झच असू शकतात. गावात संध्याकाळी शेतातल्या पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज 180 वर येतं, कधी 170 वर. 200-240 वाला तिथं धापा टाकतो किंवा बंद पडतो, 100-240 वाल्याला काहीच जाणवत नाही. सांगोल्याजवळ राहून तुम्ही 100-240 वालाच घ्या, चारशे रुपये जास्त गेले तरी. आणि ज्याच्या पाठीवर 115/230 असं लाल बटण असेल, तो कुणी फुकट दिला तरी घेऊ नका. ती जुनी बनावट आहे. साफसफाई करताना ते बटण 115 वर सरकलं आणि प्लग लावला की मोठा आवाज होतो.

यूपीएसचाही हिशेब आत्ताच करून ठेवा. 350 वॅटच्या मशीनला ब्रॉन्झ एसएमपीएस भिंतीतून 410 च्या आसपास ओढतो. बाजारात सर्रास मिळणारा 600 व्हीएचा यूपीएस साधारण 360 वॅटचा असतो. रेंडर चालू असताना वीज गेली की तो किंचाळून बंद होणार. 1 केव्हीएचा, 600 वॅटचा लागेल. तो या 18 हजारांत बसत नाही, मला मान्य आहे. घरात साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तर सुरुवातीला त्यावर भागेल, पण त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर ठेवा. वीज गेल्यावर नियमाप्रमाणे बनवलेला एसएमपीएस साधारण 15 मिलिसेकंद तग धरतो, म्हणजे आपल्या 50 हर्ट्झच्या विजेची पाऊण फेरी. इन्व्हर्टरला तेवढ्यात उडी मारता आली पाहिजे. नॉर्मल मोडवर त्याला सहसा जास्त वेळ लागतो. आणि जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर त्यावर हे मशीन लावू नका.

केबलबद्दल एकच सांगतो. काही एसएमपीएसच्या केबल काढता-घालता येतात. एका कंपनीची केबल दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला कधीही लावू नका, अगदी घट्ट बसली तरी. डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असतं, एसएमपीएसकडचं टोक प्रत्येकाचं वेगळं. एका मुलाने जुन्या केबल चांगल्या आहेत म्हणून नवीन एसएमपीएसला लावल्या. डिस्कच्या 5 व्होल्टच्या पिनवर 12 व्होल्ट गेले. त्याने बटण दाबलं आणि दोन डिस्क एका क्षणात गेल्या.

इथपर्यंतचं ध्यानात राहील एवढं: अर्थिंग मोजून घेतलेलं, 550 वॅट, 12 व्होल्टवर 42 अँपिअर किंवा जास्त, इनपुट 100-240, ब्रॉन्झ, शक्यतो पाच वर्षं वॉरंटी.

हार्ड डिस्क: दुकानदाराचा सल्ला इथं सगळ्यात महागात पडेल

आधी तुम्हाला किती जागा लागते ते मोजू. फोर-के शूटिंग 100 मेगाबिट प्रतिसेकंदावर केलं तर तासाला 45 जीबी होतात. दोन कॅमेरे, प्रत्येकी तीन तासांचं प्रत्यक्ष रेकॉर्डिंग, म्हणजे एका लग्नाचे 270 जीबी. 4 टीबीच्या डिस्कवर चौदा लग्नं मावतील. (विंडोजमध्ये 4 टीबीची डिस्क 3.63 टीबी दिसेल, घाबरू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज 1024 च्या.) तुळशीचं लग्न झाल्यावर हंगाम सुरू होतो तो उन्हाळा सरेपर्यंत, त्यात तुमची वीस-पंचवीस लग्नं होत असतील तर सगळं कच्चं फुटेज कायमचं ठेवणं कोणत्याच डिस्कला जमणार नाही. फिल्म दिल्यावर किती महिने फुटेज ठेवणार, हे गिऱ्हाइकाला आधीच लिहून द्या. माझ्या ओळखीचे बरेच जण सहा महिने सांगतात.

आता डिस्कचा प्रकार. हार्ड डिस्कमध्ये लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत. सीएमआरमध्ये माहितीच्या पट्ट्या शेजारी शेजारी, सुट्या असतात. एसएमआरमध्ये त्या कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात, म्हणून तेवढ्याच थाळीत जास्त माहिती मावते आणि डिस्क स्वस्त पडते. कौलारू घर बघितलेल्याला पुढचं सांगायला नको. मधलं एक कौल बदलायचं तर वरची ओळ उचलावी लागते. एसएमआर डिस्कला जुन्या जागेवर नवीन लिहायचं तर तेच करावं लागतं: आजूबाजूच्या पट्ट्या वाचायच्या, बाजूला ठेवायच्या, पुन्हा सगळं लिहायचं. थोडं थोडं लिहिताना कळत नाही. तुम्ही एकदम 270 जीबी टाकलेत की कळतं. चांगली सीएमआर डिस्क 160 एमबी प्रतिसेकंदाने ते अर्ध्या तासात उतरवते. भरत आलेली एसएमआर डिस्क तीसवर येऊन बसते आणि त्याच कामाला अडीच तास लागतात. दुसऱ्या दिवशी पहाटे हळदीला निघायचं असतं आणि कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं झालेलं नसतं.

खोक्यावर हे लिहिलेलं नसतं. 2020 मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या काही डिस्क न सांगता एसएमआर केल्याचं उघड झालं, बराच गदारोळ झाला, आणि त्यानंतर कंपन्यांनी आपापल्या साइटवर कोणतं मॉडेल कोणत्या पद्धतीचं याची यादी द्यायला सुरुवात केली. म्हणून दुकानात डिस्कच्या नावावर जाऊ नका, पूर्ण मॉडेल नंबर मागा आणि कंपनीच्या साइटवर बघा. डेस्कटॉपसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या 2 ते 8 टीबीच्या बऱ्याच स्वस्त डिस्क एसएमआर आहेत. वेस्टर्न डिजिटलची रेड प्लस आणि सीगेटची आयर्नवुल्फ या मालिका सीएमआर आहेत, थोड्या महाग पडतात. दुकानदार सीसीटीव्हीसाठीची डिस्क पुढे करेल. ती सतत लिहिण्यासाठी बनवलेली असते आणि साठवणीला चालते, पण तिचाही नंबर तपासूनच घ्या.

एडिटिंग मात्र एनव्हीएमई एसएसडीवरच करा. चालू प्रोजेक्ट एसएसडीवर, संपलेला हार्ड डिस्कवर. हार्ड डिस्क सलग वाचायला बरी आहे, पण टाइमलाइनवर इकडून तिकडे उड्या मारल्या की तिची सुई धावत राहते.

आता दोन डिस्क का. एका स्टुडिओत मी स्वतः दोन डिस्क आरशासारख्या जोडून दिल्या होत्या, एकीवर जे लिहिलं जाईल ते दुसरीवर आपोआप. एक गेली तरी दुसरी आहे, म्हणून सगळे निर्धास्त होते. एका पावसाळी संध्याकाळी त्यांच्या गल्लीत न्यूट्रल तुटला. न्यूट्रल तुटला की तीन फेजवर वाटलेली घरं एकमेकांशी जोडली जातात. काही घरांत बल्ब लाल निखाऱ्यासारखे मंद, काहींत डोळे दिपवणारे. ज्यांच्याकडे लोड कमी, त्यांच्या वाट्याला 230 ऐवजी 400 च्या जवळ व्होल्टेज येतं. स्टुडिओचा एसएमपीएस स्वस्तातला होता. तो स्वतः गेला आणि जाताना दोन्ही डिस्कच्या खालचे बोर्ड घेऊन गेला. एका डिस्कवर संरक्षणासाठी असलेला छोटा डायोड जळून शॉर्ट झाला होता. तो काढल्यावर ती फिरली आणि मी रात्रभर बसून फुटेज उतरवलं. डायोडने प्राण देऊन डिस्क वाचवली होती. दुसऱ्या डिस्कचा बोर्ड पार गेला होता. त्या एका डायोडमुळे सतरा लग्नं वाचली. त्या दिवसापासून मी एकाच कॅबिनेटमधल्या दोन डिस्कना बॅकअप म्हणत नाही.

म्हणून एक 4 टीबीची डिस्क कॅबिनेटच्या आत, आणि दुसरी बाहेर. बाहेरची म्हणजे यूएसबीची, जी शूटिंग उतरवल्यावर लावायची, कॉपी झाली की काढायची आणि कपाटात ठेवायची. लावून ठेवायची नाही. जमलं तर कपाट दुसऱ्या घरातलं असावं, भावाकडे किंवा शेजारी. वीज, चोरी, आग, व्हायरस, काहीही झालं तरी ती डिस्क त्याच्या वाटेत नसते. बाहेरच्या डिस्कवर फक्त एकदा लिहायचं असतं, म्हणून ती एसएमआर असली तरी मी हरकत घेणार नाही. पैसे तिथं वाचवा. आणि दोन्हीकडे कॉपी झाल्याशिवाय, दोन्हीकडच्या दोन-चार फाइल उघडून बघितल्याशिवाय, कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट करू नका.

डिस्क घरी आली की लगेच कामाला लावू नका. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाका आणि पॉवर ऑन आवर्स, म्हणजे डिस्क आजवर किती तास चालली, ते बघा. नवीन डिस्कवर शून्य किंवा एक-दोन तास हवेत. जुन्या डिस्कचे तास शून्य करून विकण्याचे प्रकार होतात, म्हणून बिल अधिकृत विक्रेत्याचं घ्या आणि सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधीपर्यंत आहे ते बघा. मग क्विक फॉरमॅटची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. विंडोज पूर्ण डिस्कवर शून्यं लिहितं, 4 टीबीला सात-आठ तास लागतात. रात्री लावून झोपा. सकाळी पुन्हा क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा आणि रीअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेल्या जागा) आणि करंट पेंडिंग सेक्टर (संशयास्पद जागा) हे दोन आकडे बघा. दोन्ही शून्य असतील तरच तिच्यावर कुणाचं लग्न ठेवा. शून्य नसतील तर त्याच दिवशी दुकानात परत.

कॅबिनेट: हवा आणि धूळ

इथं फार वेळ घालवायची गरज नाही. कॅबिनेट म्हणजे शेवटी पत्र्याचं खोकं, त्यातून हवा गेली पाहिजे आणि धूळ अडली पाहिजे. आपल्याकडे मे महिन्यात खोलीतच 38-40 अंश असतात. डिस्क त्याहून दहा-बारा अंश वर जाते, म्हणजे पन्नास. बहुतेक हार्ड डिस्कची मर्यादा 60 असते. समोर अख्खी काच असेल तर रंगीत पंखे दिसतात छान, पण त्यांना हवा ओढायला बाजूची बोटभर फट उरते. उरलेले आठ-दहा अंश तिथंच संपतात. समोर जाळी असलेलंच कॅबिनेट घ्या.

जाळी असली की धूळही येणार, म्हणून जाळीमागे काढून धुता येणारा फिल्टर हवा. सोलापुरात यंत्रमागांच्या वस्तीतून येणारी मशीन उघडली की आत धूळ नसते, कापसाचा तूस असतो. प्रोसेसरच्या हीटसिंकवर त्याची अक्षरशः गोधडी झालेली असते, बोटाने उचलली की अखंड निघते. तुमच्याकडे माती असेल. आठवड्याला फिल्टर झटका, महिन्याला धुऊन पूर्ण वाळवून लावा. आत हवा घेणारे पंखे दोन आणि बाहेर टाकणारा एक असेल तर आत थोडा दाब राहतो, आणि हवा फटीतून न शिरता फिल्टरमधूनच येते.

मापं तीन बघा. ग्राफिक्स कार्डची लांबी: दोन पंख्यांची 3060 कार्डं 24 सेंटिमीटरच्या आसपास असतात, तीन पंख्यांची 30 च्या पुढेही जातात. प्रोसेसरवरच्या कूलरची उंची. आणि 3.5 इंची डिस्कच्या जागा: नवीन कॅबिनेटमध्ये बऱ्याचदा एक किंवा दोनच असतात, त्याही एसएमपीएसशेजारी, जिथं हवा पोचत नाही. समोरच्या पंख्याच्या वाटेत डिस्कची जागा असेल ते कॅबिनेट माझ्या मते हजार रुपये जास्त देऊन घेण्यासारखं. बाजूचा पत्रा अंगठ्याने दाबून बघा. डबा वाजल्यासारखा आत-बाहेर झाला तर डिस्कच्या फिरण्याने तो रात्रभर गुणगुणणार.

पाठीमागे कार्डांच्या रिकाम्या पट्ट्या असतात, त्या काढून फेकू नका. त्या फटीतून पाली आत शिरतात, कारण थंडीत ती घरातली सगळ्यात उबदार जागा असते. बोर्डावर किंवा एसएमपीएसमध्ये चिकटून मेलेल्या पाली मी वर्षाला तीन-चार तरी काढतो, आणि सोबत बोर्डही बाद झालेला असतो. उंदरांचा त्रास असेल तर मागच्या केबल टेबलाच्या पायाला बांधून जमिनीपासून उचला. कॅबिनेट फरशीवर नको, लाकडी पाटावर किंवा स्टुलावर ठेवा, कारण एसएमपीएस खालून हवा ओढतो. कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात तर अजिबात नको.

18 हजारांची वाटणी

आजच्या भावात माझा अंदाज असा: एसएमपीएसला चार-साडेचार हजार, जाळीच्या साध्या कॅबिनेटला तीन-साडेतीन, आणि उरलेले साधारण दहा आतल्या 4 टीबी सीएमआर डिस्कला. बाहेरच्या डिस्कला पैसे उरणार नाहीत. मग एक करा. आतली 2 टीबीची घ्या, बाहेरची 2 टीबीची घ्या, आणि हंगामाच्या मध्यावर पैसे आले की वाढवा. सात लग्नं दोन ठिकाणी असलेली बरी, वीस लग्नं एका ठिकाणी नकोत. रंगीत दिव्यांची रॅम ठरवली असेल तर साधी घ्या, तिथून हजारभर सुटतील. कॅबिनेटवर आणखी वाचवायचं असेल तर एखाद्या ऑफिसातून निघालेलं जुनं, दणकट पत्र्याचं कॅबिनेट बघा. समोर 120 मिलिमीटरचा पंखा बसत असेल आणि कार्डाची लांबी मावत असेल तर बिनधास्त घ्या. एसएमपीएस आणि डिस्क मात्र कधीही सेकंडहँड नको.

दुकानदार म्हणेल, "साहेब, फुकट एसएमपीएस सोडताय." त्याला कॅबिनेट एसएमपीएसशिवाय किती पडेल ते विचारा. बऱ्याचदा सात-आठशे रुपयांचा फरक निघतो. त्या वस्तूची खरी किंमत तेवढीच असते.

खरेदीला निघण्याआधी वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं माप घ्या आणि संध्याकाळी सात वाजता, मोटारी चालू असताना, सॉकेटवरचं व्होल्टेज बघा. हे दोन आकडे, लोडशेडिंग किती तास असतं ते, आणि घरातल्या इन्व्हर्टरचं मॉडेल कळवा. 170 च्या खाली जात असेल तर यूपीएसच्या आधी स्टॅबिलायझर लागेल का ते त्यावरूनच ठरवता येईल.